एका पिंजऱ्यात एक

६ जानेवारी

आलो एकदाचा. संस्थेच्या आवारातली पाहुण्यांची खोली, दुसरा मजला. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. खुर्चीत बसलं की गुडघा टेबलाच्या खणाला लागतो. ज्याने हे टेबल केलं त्याला पाय नसावेत.

पन्नाशी उलटलेला माणूस घर सोडतो तो एकतर भांडून, नाहीतर वैराग्य येऊन. माझं दोन्ही नाही. हिला नवी किडनी बसवून दीड वर्ष होत आलं. परकी किडनी अंगाने हाकलून देऊ नये म्हणून हिची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलेली आहे. म्हणजे घराला कुलूप नाही, आणि त्या घरात रोज संध्याकाळी मी येणार, दिवसभर जंतू हाताळून. उद्यापासून तर जंतूंचा नवा प्रयोग सुरू होतोय. गेल्या थंडीत साधी सर्दी हिच्या छातीत उतरली आणि ही अतिदक्षता विभागात काचेपलीकडे पडून होती. सर्दी आधी कुणाला झाली होती, ते सांगायला नको. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो तेव्हा लोक हसतात. हसू देत.

किडनीचे डॉक्टर म्हणाले होते, साबणाने हात धुवा, कपडे बदला, बास. डॉक्टरांचं काय जातंय बास म्हणायला!

ही शर्टांच्या घड्या करून देत होती. किती दिवस, म्हणाली. म्हटलं, प्रयोग संपेपर्यंत. मग विचारलं, उंदीर किती दिवसांत बरे होतात? म्हटलं, तीन आठवड्यांत. "आणि तुम्ही?" म्हणाली. हिला कधी कसली थट्टा सुचेल, नेम नाही.

दिवसभरात काय झालं ते जेवताना हिला सांगायची इतक्या वर्षांची सवय. आता सांगणार कुणाला, म्हणून ही वही.

११ जानेवारी

काम सुरू झालं. प्रश्न साधा आहे. एकदा जंतूने आजारी पडून उठलेल्या अंगाला नंतर लस टोचली, तर ते अंग लशीला धडपणे उत्तर देतं का, की आजार जाताना प्रतिकारशक्तीत काही खोट ठेवून जातो?

पांढऱ्या उंदरांच्या माद्या घेतल्यात. निम्म्यांना आतड्यातला एक जंतू पाजला. आठवडाभर पोट बिघडतं, वजन उतरतं, मग जंतू आपोआप निघून जातो. त्यानंतर दोन्ही गटांना तीच लस द्यायची आणि महिन्याने रक्तात अँटिबॉडी किती तयार झाल्या ते मोजायचं. निरोगी माद्या पाच-पाच एका पिंजऱ्यात ठेवल्यात. आजारी मात्र एका पिंजऱ्यात एक. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, किळस आली तरी खरं आहे. एकत्र ठेवले तर बरी झालेली पुन्हा जंतू गिळते आणि कुणाच्या पोटात किती गेला याचा ताळमेळ राहत नाही. ही युक्ती माझी. साहेबांनी मान डोलावली.

आमच्याकडे खोल्यांना क्रम असतो. आधी निरोगी खोली, मग आजारी. आजारी खोलीत पाय टाकला की त्या दिवशी परत निरोगी खोलीत जायचं नाही. चहाच्या खोलीला हा नियम नाही, पण मी तिथेही जाणं बंद केलंय. चहा खोलीवर करतो. कुणी काही म्हटलं नाही. एकाने विचारलं सुद्धा नाही, खरं तर.

१७ जानेवारी, रविवार

घरी गेलो, म्हणजे अंगणापर्यंत. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. अंगणातली खुर्ची खिडकीपासून चार पावलांवर ठेवली. ही आत, जाळीच्या मागे. शेजारीण दोनदा उगाच कचरा टाकायला बाहेर आली.

हिने शाळेत भूगोल शिकवला पंचवीस वर्षं, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड जात नाही. उंदरांचं सगळं विचारून घेतलं. त्या एकट्या दिवसभर काय करतात, म्हणाली. म्हटलं, उंदीर आहेत ते, त्यांना काय करायचंय. मग म्हणाली, "तुरुंगात भेटायला आल्यासारखे बसता. आत कोण आहे, मी का तुम्ही?"

दोघंही हसलो. छान गेला वेळ. निघताना फाटकापाशी मागे वळून बघितलं तर ही खिडकीतच होती.

३ फेब्रुवारी

आजारी माद्यांचं वजन भरून आलं. लेंड्यांत जंतू सापडत नाही. कागदोपत्री ठणठणीत. पण मला काहीतरी वेगळं दिसतंय आणि ते कुणी लिहिलेलं नाही. पिंजऱ्यात कापसाची चकती टाकली की निरोगी माद्या तासाभरात कुरतडून गुबगुबीत घरटं करतात. या मात्र चकतीवर नुसत्या बसून राहतात. पिंजरे पारदर्शक आहेत, तर बऱ्याच जणी शेजारच्या पिंजऱ्याकडच्या भिंतीला अंग लावून असतात. मी नोंद केली, जंतू गेल्यावरही सुस्ती टिकते. महत्त्वाचं लक्षण आहे. आजाराची खूण.

आज खोली झाडायला हवी होती. अंथरूणही पसरलेलंच आहे. सकाळी आवरायचं आणि संध्याकाळी पुन्हा घालायचं, हा उद्योग कुणाला दाखवायला करायचा?

हिचा फोन आला. जेवलात का, म्हणाली. हो म्हटलं. तू? हो म्हणाली. मी बिस्किटं खाल्ली होती. ही खरं सांगत असेल असं धरून चालू.

२१ फेब्रुवारी, रविवार

मेहुणी आली होती. हिची धाकटी बहीण. हिच्या अंगातली किडनी तिची आहे, त्यामुळे तिच्यापुढे मी एरवीही जरा मवाळच असतो. माझा रक्तगट जुळला नाही. जुळला असता तर मीच दिली असती, हे मी सगळ्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता लोक विषय बदलतात.

अंगणात गाठून मला म्हणाली, भाऊजी, हा काय खेळ मांडलाय? डॉक्टरांनी सांगितलं ते पुरे होत नाही का? मी म्हटलं, डॉक्टर किडन्यांतले, जंतूंतला मी. ती म्हणाली, ताई बारीक झालीय. म्हटलं, जाळीतून कुणीही बारीक दिसतं. यावर तिने जे बघितलं माझ्याकडे!

हिला आपल्या गावी घेऊन जाते म्हणाली. मला वाटलं, उत्तम, सोय झाली. पण ही ऐकायला तयार नाही. म्हणे, "हे रविवारी येतात. मी नसले तर कुणाच्या खिडकीशी बसतील?" हट्टी स्वभाव, दुसरं काय. चांगलं सांगावं तर ऐकत नाही.

११ मार्च

निघालं! निघालं! आजारातून उठलेल्या माद्यांच्या रक्तात अँटिबॉडी निरोगी माद्यांच्या निम्म्यानेही नाहीत. एखाद-दुसरी नव्हे, जवळजवळ सगळ्या. जंतू गेला, वजन भरलं, तरी अंग लशीला उत्तर देईना. मी तीनदा तपासलं. खोलीत एकट्यानेच टाळी वाजवली आणि मग आपलाच आवाज ऐकून ओशाळलो.

पहिला फोन हिला. संध्याकाळचे सहा वाजले होते तर ही झोपलेली. जरा पडले होते, म्हणाली. मी सगळं भडाभडा सांगितलं. छान, म्हणाली. म्हटलं, केवढी मोठी गोष्ट आहे ही, कळतंय ना? कळतंय, म्हणाली, म्हणजे आता घरी याल. तेव्हा मला सांगावं लागलं की आता सगळ्यांसमोर मांडायचं आहे, मग लिहून काढायचं, मग साहेबांच्या मनात पुढचा मोठा प्रयोगही आहे. बरं म्हणाली आणि ठेवलाच फोन.

हिने जरा तरी उड्या माराव्या असं वाटलं होतं. आनंदावर विरजण पडलं, ते पडलंच.

१२ मार्च

साहेबांनी पाठ थोपटली. माझ्यातर्फे सगळ्यांना चहा. मी माझा कप खोलीवर नेऊन प्यायलो.

२६ मार्च

आज संस्थेच्या सभागृहात मांडलं. माझं बोलणं बरं झालं असावं, कारण मागच्या रांगेतले लोकही जागे होते. टाळ्या झाल्या. मग आकडेबाई उभ्या राहिल्या. संस्थेत कुणाच्याही प्रयोगाचं गणित त्याच तपासतात, म्हणून सगळे त्यांना आकडेबाईच म्हणतात. आवाज इतका हळू की सभागृहाला पुढे वाकावं लागतं.

"निरोगी माद्या एका पिंजऱ्यात किती?" त्यांनी विचारलं. पाच, म्हटलं. "आणि आजारी?" एक, म्हटलं.

"मग आजारी पडल्याचा परिणाम कुठला आणि एकटं पडल्याचा कुठला, हे तुम्ही वेगळं कसं केलंत?"

मी लेंड्यांचं कारण सांगितलं. कारण पटतंय, बाई म्हणाल्या, पण बदल एकाऐवजी दोन केलेत तुम्ही, आणि श्रेय सगळं जंतूला देताय. एवढं बोलून त्या खाली बसल्या. कुणीतरी खोकलं. साहेब घड्याळ बघायला लागले.

२९ मार्च

उंटावरची शहाणी! उंदराला म्हणे एकटेपण. एकटेपण कसलं डोंबलाचं? दाणे मिळतात, पाणी मिळतं, मांजराचं भय नाही. माणसांना एवढं सुख नाही. जंतूने प्रतिकारशक्ती बिघडवली हे समोर ढळढळीत दिसतंय आणि बाईंना पिंजरे मोजायचेत.

तीन दिवस मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतोय. चांगली उत्तरं सुचतात, पण ऐकायला कुणी नसतं. घरी असतो तर हिने एव्हाना, "अहो, पुरे आता, जेवा," म्हणून मिटवलं असतं.

त्यांचं चूक आहे हे दाखवायला प्रयोग पुन्हा करावा लागणार. दुसरा इलाज नाही.

४ एप्रिल, रविवार

हिला सांगितलं. या वेळी चार गट. निरोगी एकत्र, निरोगी एकट्या, आजारी एकत्र, आजारी एकट्या. जून उजाडेल.

वाटलं होतं चिडेल, काहीतरी टोमणा मारेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ही एवढंच म्हणाली, "निरोगी एकट्या? त्यांनी काय केलंय?"

म्हटलं, काही केलेलं नाही, तुलनेला लागतात. ही खिडकीतून उठून आत गेली. पाणी प्यायला गेली असेल. मी बराच वेळ थांबलो. खुर्चीवर ऊन आलं तेव्हा निघालो.

२५ एप्रिल

आजारी एकत्र ठेवलेल्यांनी उच्छाद मांडलाय. पाचही जणींची पोटं बिघडलेली, पिंजरा घाण, आणि त्या घाणीतच एक भलंमोठं घरटं करून एकमेकींच्या अंगावर पसरलेल्या. मध्येच चावाचावी, पुन्हा ढीग. आणि जे मी म्हणत होतो तेच, एकमेकींना पुन्हा पुन्हा जंतू देतायत. बऱ्या व्हायला यांना जास्त दिवस लागतील. आकडेबाईंना दाखवायला हवा हा पिंजरा.

ही म्हणाली, पुढचे काही रविवार येऊ नका, ऊन फार आहे, तुम्हाला बाधेल. माझी काळजी घेते. मी ठीक आहे म्हटलं. खरं म्हणजे अंगणातल्या झाडाची सावली दुपारपर्यंत असते. पण नको म्हणत असेल तर नको.

९ मे, रविवार

नाही गेलो. दोनदा फोन केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. झोपले होते, म्हणाली. गोळ्या घेतेस ना? घेते. जेवलीस? हो. आवाज विहिरीतून आल्यासारखा. फोन जुना झालाय हिचा, नवा घ्यायला हवा.

रविवारी जायला जागा नसली की कळतं रविवार केवढा लांबलचक असतो. कपडे धुतले. खिडकीतून खालचा रस्ता बघितला. एक बाप पोरीला सायकल शिकवत होता, पोरगी त्याला ओरडत होती, धरू नका, सोडू नका. मग सुट्टी असून अ‍ॅनिमल हाऊसमध्येच गेलो. निरोगी एकट्यांच्या रांगेपुढे उभा होतो. एक मादी मागच्या पायांवर उभी राहून भिंतीला नाक लावून होती. मी बाहेरून तिथे बोट टेकवलं. तिने नाक हलवलं नाही. मग मलाच लाज वाटली, इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. असणार कोण?

फार एकटं वाटलं आज. लिहून टाकतो, म्हणजे संपेल.

२४ मे

शनिवारी मेहुणीचा फोन आला. न कळवता आली होती. ही दोन दिवस अंथरुणातच होती. चूल थंड, उलट्या, पाय सुजलेले. मेहुणीने सरळ रुग्णालयात नेलं.

मी धावलो. दोन मास्क लावले आणि दारातच थांबलो. किडनीचं काम बरंच घसरलंय, हिचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले. मी डॉक्टरांना विचारलं, कुठला जंतू? कुठून आला? डॉक्टर म्हणाले, जंतूबिंतू काही नाही. गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण पार खाली गेलंय, म्हणून अंग किडनीवर उठलंय. मी म्हटलं, गोळ्या घेते ती, मी रोज विचारतो. ते म्हणाले, "एकटं माणूस जेवायचं टाळतं. जेवण टळलं की जेवणानंतरची गोळी टळते. मग वार कुठला तेही कळेनासं होतं. यांच्यासोबत राहतं कोण?"

मी सांगितलं, मी जंतूंत काम करतो, हिला बाधा होऊ नये म्हणून वेगळा राहतो. डॉक्टर म्हणाले,

"तुमचा जंतू माणसाला होत नाही. हे मला तुम्हीच सांगितलं होतं."

मीच सांगितलं होतं. त्यांच्या खोलीत, त्यांच्या टेबलापुढे बसून, गेल्या वर्षी. उंदरांच्या आतड्यातला जंतू आहे, माणसाच्या वाटेला जात नाही. चांगलं आठवतंय. मग मी कशापासून लांब राहिलो?

बाहेर मेहुणी बाकावर बसली होती. रडून झालं होतं तिचं. मला म्हणाली, "माझी किडनी आहे ती, भाऊजी. तुमच्या घरात सांभाळतील म्हणून दिली होती."

 

२७ मे

औषध लागू पडतंय. किडनी वाचेल असं डॉक्टर म्हणाले, पण बहुतेक हा शब्द आधी लावून.

मला आत जायला परवानगी आहे. मास्क लावून, हात धुवून. मी दारापर्यंत जातो. ही डोळे मिटून असते, सलाईनचा हात चादरीवर. माझा पाय पुढे उचलत नाही. 

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. गेल्या वर्षीच्या थंडीत ही रुग्णालयातून घरी आली तेव्हापासून मी झोपलोच नव्हतो नीट. हिच्या श्वासाकडे कान लावून पडायचो. जरा लांबला की उठून बसायचो. जानेवारीत खोलीवर आलो आणि त्या पहिल्या रात्री गाढ झोप लागली. सकाळी इतकं हलकं वाटलं की मी शीळ घातली. ते या वहीत लिहिलं नव्हतं.

१० जून

चारही गटांचे निकाल आले. आकडेबाईंच्या खोलीत बसून बघितले. त्यांनी आधी मला बघू दिलं, स्वतः खिडकीबाहेर बघत राहिल्या. सभ्य बाई आहे.

जंतूचा परिणाम आहे, तो काही खोटा नव्हता. आजारी पडून एकत्र राहिलेल्या माद्यांचं अंग लशीला उशिरा जागं झालं. पण झालं. महिन्याच्या शेवटी त्या निरोगींच्या जवळपास पोचल्या होत्या, त्या घाणेरड्या, चावऱ्या, एकमेकींना जंतू देणाऱ्या. आजारी आणि एकट्या होत्या त्या पोचल्याच नाहीत. आणि ज्यांना काहीच झालं नव्हतं, ज्यांना मी फक्त वेगळं ठेवलं होतं, त्यांच्या अँटिबॉडी आजारी एकत्र असलेल्यांपेक्षाही खाली.

आमचे एवढेसे उंदीर, आमची एक खोली, यावरून जगाला काही शिकवता येणार नाही. हे बाईही म्हणाल्या. पण माझा मार्चचा निकाल तर गेलाच. श्रेय सगळं मी जंतूला दिलं होतं आणि निम्म्याहून जास्त काम पिंजऱ्यांनी केलं होतं. आणि पिंजरे मांडले होते मी.

बाईंनी विचारलं, वाईट वाटलं का? हो म्हटलं, पण निकालाचं नाही. मग त्यांच्यासमोर रडू आलं. मोठ्याने, नाक ओढत. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि दार लोटून घेतलं. मी त्यांना सगळं सांगितलं, हिचं, खिडकीचं, गोळ्यांचं. जानेवारीपासून समोर बसून कुणाशी इतकं बोललो नव्हतो. त्या म्हणाल्या, मला कशाला सांगता हे?

बरोबरच होतं त्यांचं.

१३ जून, रविवार

हिला घरी आणून चार दिवस झाले. मेहुणी सोबत आहे. आज अंगणात न थांबता दार वाजवलं. मेहुणीने उघडलं, हातातली बॅग बघितली आणि स्वयंपाकघरात गेली.

ही पलंगावर उशीला टेकून बसली होती. जाळीतून बारीक दिसत होती म्हणालो होतो मी. जाळी नव्हती आज. गालांची हाडं वर आली आहेत. मनगट बघवेना.

का आलात, म्हणाली. मी येताना रस्त्यात सगळं जुळवून ठेवलं होतं. गोळ्यांच्या वेळा, जेवणाच्या वेळा, रोजचं वजन, सगळं मी बघेन. आता लक्ष ठेवायला मी आहे. ही म्हणाली, लक्ष ठेवायला धाकटी आहे, तिला ते तुमच्यापेक्षा चांगलं जमतं.

मग मी निकाल सांगितला. दुसरं काय बोलायचं ते सुचेना. चारही गट, आधी कोण, मागून कोण, निरोगी एकट्यांचं काय झालं. हिने नीट ऐकलं, वर्गात एखादा मुलगा अडखळत उत्तर देत असताना ऐकायची तसं, मध्ये न बोलता. सांगून झाल्यावर म्हणाली, "हे उंदरांचं झालं. तुम्ही का गेलात ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

म्हटलं, तुला बाधा होऊ नये म्हणून.

"नाही. मी मरणार असं तुम्हाला वाटलं. म्हणून माझ्याशिवाय राहायचं कसं, ते आधीच करून बघत होतात."

  ही रागावलेली नव्हती, तेच सोसेना. रागावली असती तर भांडलो असतो.

"मी मरेन तेव्हा मरेन," ही म्हणाली. "आधीपासून कशाला? मला वाटलं, करून बघू दे. मग मीही करून बघितलं. नाही जमलं. जेवायला बसायचं तर कुणाला हाक मारायची तेच कळेना." थांबली. दम लागला होता. "तुम्हाला जमलं का?"

या प्रश्नाला मी कधीपासून उत्तरं देत होतो, डॉक्टरांना, मेहुणीला, साहेबांना, या वहीला. सगळी हिच्याबद्दलची होती, हिच्या तब्येतीबद्दलची.

"नाही जमलं," म्हटलं. "मला करमत नाही गं. एक दिवस करमलं नाही. आणि तुझी भीती वाटते. अजून वाटते. आजही दारात पाय अडखळला."

"मग वाटू दे," ही म्हणाली. "इथे बसून वाटू दे."

आणि जराशी भिंतीकडे सरकली. मी बसलो. हिचा हात हातात घेतला, सुईच्या जागी अजून निळं होतं. आतून मेहुणीने विचारलं, भाऊजी जेवणार आहेत का? ही म्हणाली, "विचारतेस काय, वाढ."